अक्कलदाढ आणि अँटिबायोटिक: या चुका टाळा

दाढ दुखली की आधी मेडिकल, मग गोळ्या, आणि त्यांनी भागलं नाही तर माझ्याकडे. नाशकात अक्कलदाढा काढताना हाच क्रम मी वर्षानुवर्षं बघते आहे. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देऊ नये आणि आपण मागू नये. स्ट्रिपवरची उभी लाल रेघ त्यासाठीच असते.

गेल्या द्राक्ष हंगामात निफाडकडचे एक बागायतदार काका आले. तोंड उघडेना, मधे माझं एक बोट जेमतेम जात होतं. खिशातून त्यांनी तीन स्ट्रिप काढून टेबलावर ठेवल्या. एकीतल्या चार गोळ्या संपलेल्या, दुसरीतल्या सहा, तिसरीतल्या दोनच. चार महिन्यांत तीनदा दाढ दुखली, तीनदा गोळ्या घेतल्या आणि ठणका थांबला की सोडल्या.

अर्धवट उगवलेल्या दाढेवर हिरडीची टोपी असते. तिच्याखाली भाताची शितं, दाण्याचा कूट अडकून कुजतो. गोळीने जंतू काही दिवस दबतात, पण कूट तिथेच राहतो. म्हणून मी आधी सिरिंजने सलाईन मारून टोपीखालचं धुऊन काढते आणि मग दाढ काढायची की नाही ते ठरवते. ताप असेल, सूज पसरत असेल किंवा जबडा उघडत नसेल, तरच सोबत अँटिबायोटिक लिहून देते. काकांच्या बाबतीत मात्र धुण्याची वेळ केव्हाच टळली होती. पू जबड्याखाली उतरलेला. त्याच संध्याकाळी त्यांना रुग्णालयात पाठवलं. तिथे बाहेरून चीर देऊन पू काढावा लागला, शिरेतून औषधं द्यावी लागली. माल काढणीला आलेला आणि काका सहा दिवस खाटेवर.

बरे होऊन आल्यावर मी द्राक्षवेलीवरच्या केवडा या बुरशीच्या रोगाबद्दल विचारलं, "काका, केवड्यावर एकच औषध सारखं मारता का हो?"

"छे मॅडम, बदलून मारावं लागतं. नाहीतर केवडा दादच देत नाही. आणि अर्ध्या मापाने तर कधीच नाही." एवढं बोलले आणि गप्प झाले. तोंडातल्या जंतूंचंही तसंच असतं, फक्त इथे बदलून द्यायला आमच्याकडे औषधं मोजकीच आहेत.

दुसरी चूक शस्त्रक्रियेनंतरची. दाढ काढल्यावर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. ती जखमेची सूज असते, इन्फेक्शन असेलच असं नाही. पण तिसऱ्या दिवशी सकाळी फोन येतोच: "मॅडम, जास्त पॉवरची गोळी द्या." मी देत नाही. आधी गालाचा फोटो मागवते. उतरलेली सूज पुन्हा चढली, ताप आला, पू दिसला किंवा गिळता येईना, तर मात्र त्याच दिवशी यायचं, रात्र काढायची नाही.

तीन-चार दिवसांनी कानापर्यंत ठणका आणि तोंडाला घाण वास आला, तर बहुतेक वेळा दाढेच्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी गेलेली असते. यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरावी लागते. गुठळी टिकावी म्हणून पहिले 24 तास जोरात चूळ भरू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका. बिडी-सिगरेट तर नकोच.

दाढेच्या इन्फेक्शनला बऱ्याचदा दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक चालू असताना दारू नको.

घरात उरलेल्या किंवा शेजाऱ्याच्या गोळ्या घेऊ नका. पेनिसिलिनची ॲलर्जी किंवा हृदयात कृत्रिम झडप असेल, तर दाढ काढण्याआधीच सांगा. झडप असलेल्यांना शस्त्रक्रियेआधी अँटिबायोटिकचा एक डोस लागतो.

आम्हा डॉक्टरांचीही एक चूक आहे. धडधाकट माणसाची साधी दाढ काढली तरी हात सवयीने पाच दिवसांचा कोर्स लिहितो. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2021 च्या कॉक्रेन आढाव्यानुसार अक्कलदाढ काढलेल्या निरोगी लोकांत एकाचं इन्फेक्शन टाळायला साधारण 19 जणांना अँटिबायोटिक द्यावं लागतं. उरलेल्या 18 जणांना जुलाब, पुरळ यांचा धोका फुकट. म्हणून मी दर वेळी हाड किती कापलं, साखर किती आहे, आधीपासून पू होता का, हे पाहूनच ठरवते.

आणि कोर्स दिलाच, तर स्ट्रिपवर पेनने शेवटच्या गोळीची तारीख लिहून देते. त्याआधी बंद करावासा वाटला, तर आधी मला फोन करायचा.