इंजिन कुठंय आणि गाडी कुठली चाकं ओढतायत, हे स्वतः कसं ओळखायचं

पहिली गोष्ट म्हणजे डोक्यात दोन प्रश्न वेगळे ठेवा. इंजिन कुठं बसलंय हा एक, आणि ताकद कुठल्या चाकांना जाते हा दुसरा. बरेच जण ह्या दोन्हीची खिचडी करतात, म्हणजे इंजिन पुढं आहे ना मग फ्रंट व्हील ड्राईव्ह, म्हणजे पुढच्या चाकांनी ओढणारीच असणार, असं धरून चालतात आणि तिथंच फसतात. आणि पुढं, मागं, मधे हे शब्द बॉनेट-डिकीवरून नाही ठरत, ते एक्सलवरून, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या रेषेवरून ठरतात. इंजिन दोन्ही एक्सलच्या मधे असेल तर ते मिड इंजिन, मग ते ड्रायव्हरच्या पाठीमागं असो नाहीतर बॉनेटखाली. होंडा एस2000 चं इंजिन बॉनेटखालीच आहे पण पूर्ण पुढच्या एक्सलच्या मागं सरकवलेलं, म्हणून तिला फ्रंट मिड म्हणतात.

आता गाडीच्या बाजूला जाऊन उभं रहा आणि पुढच्या चाकापासून पुढच्या दारापर्यंत किती जागा आहे ते बघा. इंजिन उभं म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं आणि ओढ मागच्या चाकांना असेल तर ही जागा भरपूर असते, पुढचं चाक जवळपास नाकाशी गेलेलं दिसतं. आडवं इंजिन आणि ओढ पुढं असेल तर चाक दाराला खेटल्यासारखं वाटतं. आडव्या इंजिनाची पद्धत 1959 च्या मिनीनं गाजवली, तिच्यात तिचे डिझायनर इसिगोनिस ह्यांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या खालीच घातला होता आणि दोघांना ऑईलही एकच. तिसरा प्रकार म्हणजे चाकाच्या पुढं नाक लांब निघालेलं. पुढून ओढणाऱ्या ऑडी आणि सुबारू घ्या, त्यांच्यातल्या बऱ्याच गाड्यांत उभं इंजिन पुढच्या एक्सलच्याही पुढं लटकतं.

पण ह्या नियमाला रेनॉ 4 (1961) चांगलाच चकवा देते. चाक एकदम पुढं, त्यामुळं रिअर व्हील ड्राईव्हच वाटते, आणि ओढ मात्र पुढच्या चाकांना. कारण तिच्यात गिअरबॉक्स सगळ्यात पुढं आणि इंजिन त्याच्या मागं केबिनकडं, म्हणून तर तिचा गिअरचा दांडा डॅशबोर्डमधून बाहेर येतो आणि त्याचा रॉड इंजिनावरून पुढं जातो. (टेप घेऊन ह्या गाडीचं पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर मोजलंत तर डाव्या-उजव्या बाजूला जवळजवळ 5 सेंटीमीटरचा फरक येईल, टेप बरोबर आहे, मागच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे, एकापुढे एक आडवे टाकल्यामुळं तसं होतं.)

मग आता खाली बघायचं. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली अजिबात शिरू नका, जॅक स्टँड लावा, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ओंडके लावा, आणि हे काम सपाट जागेवरच करा. नुसतं डोकावून बघायचं असेल तर मोबाईलचा कॅमेरा गाडीखाली सरकवला तरी निम्मं काम होतं. दोन गोष्टी शोधा. एक, मधून मागं जाणारा लांब फिरता पाईप म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, आणि दोन, चाकांकडं जाणारे छोटे शाफ्ट, त्यांच्या टोकाला घडीघडीचे रबरी बूट असतात. बूट पुढच्या चाकांना असतील तर ओढ पुढं आहेच. मागं सरळ जाड एक्सल असून मधे फुगलेला गोळा असेल तर तो डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही बाजूच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच, आणि मग मागची चाकं ओढतायत. मागं नुसतीच आडवी पट्टी असेल, गोळा नाही आणि शाफ्टही नाही, तर ती चाकं फुकट फिरतायत. केबिनमधल्या मधल्या उंचवट्यावर मात्र विश्वास ठेवू नका, फ्रंट व्हील ड्राईव्ह गाड्यांनाही तो असतो, सायलेन्सरचा पाईप आणि वायरी त्यातूनच जातात. मी स्वतः एकदा ह्याच उंचवट्यावरून छातीठोकपणे रिअर व्हील ड्राईव्ह सांगून मोकळा झालो होतो आणि मग सगळ्यांसमोर तोंडावर आपटलो.

इथवर सरळ गाड्या संपल्या. विचित्र गाडी समोर आली की माझा एकच फंडा, इंजिन सोडा आणि गिअरबॉक्स शोधा, मग ताकदीचा रस्ता बोटानं गिरवत चाकापर्यंत जा. 1966 ची ओल्डस्मोबिल टोरोनाडो घ्या, 7 लिटरचं व्ही8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, उभं बसवलेलं, बघणारा शपथेवर सांगेल मागची चाकं. पण इंजिनाच्या मागून ताकद एका जाड चेनवरून बाजूला वळते, तिथं इंजिनाला खेटून गिअरबॉक्स उलट्या तोंडानं ठेवलाय आणि तो पुढच्या चाकांना फिरवतो. साब 99 मधे तर इंजिनच उलटं बसवलंय, क्लच पुढं, त्यामुळं इंजिन न उतरवता क्लच बदलता येतो. लॅम्बोर्गिनी काउन्टाशमधे इंजिन पाठीमागं पण गिअरबॉक्स त्याच्याही पुढं, दोन सीटच्या मधे, आणि तिथून शाफ्ट परत मागं, तोही इंजिनाच्या ऑईल सम्पमधून, म्हणजे तळाच्या ऑईलच्या भांड्यातून. निसान जीटी-आर (आर35) मधे इंजिन पुढं, गिअरबॉक्स मागं, म्हणजे एक शाफ्ट मागं जातो आणि दुसरा पुढच्या चाकांसाठी परत पुढं येतो. आणि फेरारी एफएफ (2011) नं तर कहरच केला, मागच्या चाकांचा गिअरबॉक्स मागं आणि पुढच्या चाकांसाठी इंजिनाच्या पुढच्या टोकाला वेगळा, पुढं जायचे दोनच गिअर असलेला छोटा गिअरबॉक्स.

बॉनेट उघडून स्टेपनी दिसली तर घाबरू नका, टाटा नॅनोमधे तसंच होतं, 624 सीसीचं इंजिन मागं. इंजिन कुठंच दिसत नसेल तर पुढच्या सीटखाली बघा. 1990 च्या टोयोटा प्रिव्हियात ते तिथंच आहे, 75 अंशात आडवं निजवलेलं, आणि अल्टरनेटर वगैरे मंडळी मात्र पुढं नाकात, त्यांच्यासाठी वेगळा शाफ्ट. मागं इंजिन आणि ओढ पुढच्या चाकांना हे कॉम्बिनेशन मात्र जवळजवळ सापडणार नाही, कारण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वजन मागं झुकतं आणि नेमकी ओढणारी चाकं हलकी पडतात. 1933 च्या डायमॅक्सियन कारनं ते करून बघितलं, मागं फोर्डचं व्ही8, ओढ पुढच्या दोन चाकांना, वर स्टिअरिंग मागच्या एकुलत्या चाकाला! तीनच बनल्या.

तरीही शंका राहिली तर हाताची टेस्ट करा. इंजिन बंद, गाडी गिअरमधे, एकाच एक्सलची दोन्ही चाकं स्टँडवर उचललेली, दुसऱ्या एक्सलच्या चाकांना ओंडके, आणि उचललेल्या चाकांना ब्रेक लागलेला नको. एक चाक हातानं फिरवा, दुसरं उलट दिशेनं फिरलं तर तिथं डिफरन्शियल आहे आणि ओढ तिथं जाते. दुसरं हललंच नाही तर बहुतेक ओढ नाही. लॉकिंग डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना एकत्र जखडणारा असेल तर हे चाक सहज फिरणारच नाही, तेव्हा जोर लावत बसू नका.

सगळ्यात शेवटचा गोंधळ म्हणजे चारही चाकं ओढतायत पण मधे प्रोपेलर शाफ्टच नाही. मग ताकदीचे उगम मोजायचे. सित्रोएन 2सीव्ही साहारामधे 425 सीसीची दोन इंजिनं होती, एक पुढं एक मागं, दोन पेट्रोल टाक्या पुढच्या सीटांखाली आणि त्यांची झाकणं दारातून बाहेर काढलेली, त्यामुळं ती लांबूनच ओळखू येते. आता तेच काम इलेक्ट्रिक मोटर करते. पहिल्या प्यूजो 3008 हायब्रिड4 मधे डिझेल इंजिन पुढं आणि मोटर मागं, बीएमडब्ल्यू आय8 मधे उलट, पेट्रोल इंजिन मागं आणि पुढच्या चाकांना मोटर. अशा गाडीखाली जाड नारिंगी केबल दिसेल, ती कुठून कुठं जाते एवढं नजरेनंच बघायचं, हात लावायचा नाही, ती हाय व्होल्टेज असते.