राणीची बाग नीट कशी बघायची
बुधवारी जाऊ नका, बंद असते. भायखळा स्टेशनला ईस्टला उतरा, चालत पोचता. सगळे थेट पेंग्विनकडे पळतात, तुम्ही आधी भाऊ दाजी लाड म्युझियमकडे वळा, 1872 चं आहे, तिथेच बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभाय, इंग्रज तो विलायतेला न्यायला निघालेले पण उचलताना तुटला, मग तुकडे जोडून इथे उभा केला, त्याच्यापाशी जरा थांबाच. मूळ काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्ड राजाचा घोड्यावरचा पुतळा, पण 1965 पासून इथेच आहे. मग झाडं, विशेषतः गोरखचिंच, तिचा बुंधा बघून पोरं गप्प होतात. बाग 1862 ची, मुंबईत इतकी जुनी सावली कुठे मिळणार?