हनुक्काच्या पणत्या घरी कशा मांडाव्यात

हनुक्का हा ज्यू धर्मीयांचा आठ दिवसांचा सण हिब्रू पंचांगातील किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला सुरू होतो. २०२६ मध्ये पहिली ज्योत शुक्रवारी, ४ डिसेंबरच्या संध्याकाळी लागेल. इ.स.पू. १६४ च्या सुमारास मक्काबी या ज्यू बंडखोरांनी सीरियाचा ग्रीक राजा चौथा अँटिओकस याच्या अमलातून जेरुसलेमचे मंदिर सोडवून शुद्ध केले, तेव्हा एका दिवसापुरते तेल आठ दिवस जळले, असे तालमूद हा ज्यू धर्मग्रंथ सांगतो.

नऊ फांद्यांचा दिवा, म्हणजे हनुक्किया, सोलापुरात मिळाला नाही तरी अडत नाही. कुंभाराकडच्या नऊ सारख्या पणत्या रात्रभर पाण्यात भिजवून वाळवाव्यात, म्हणजे त्या तेल पीत नाहीत. ऑलिव्ह तेल उत्तम मानले जाते, पण नीट जळणारे कोणतेही तेल चालते. आमच्या घरी करडईचेच असते. कोकणात घाण्यावर तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएलांना, म्हणजे इथल्या ज्यूंना, लोक शनिवार तेली म्हणत. त्यांच्या जुन्या सणांत हनुक्का नव्हता, तो बाहेरच्या ज्यूंशी संबंध वाढल्यावर आला, आणि तेलावर जगलेल्या समाजाला तेलाचा हा सण इतक्या उशिरा भेटला, याची मला फार हुरहुर वाटते.

आठ पणत्या खिडकीत एका ओळीत, सारख्या उंचीवर ठेवाव्यात आणि नववी, शम्माश म्हणजे सेवक, अर्ध्या विटेवर उंच ठेवावी. आठ ज्योती केवळ पाहण्यासाठी असतात. त्यांच्या उजेडात वाचू नये, भाजी निवडू नये. म्हणूनच इतर ज्योती पेटवण्याचे काम सेवकाकडे असते.

पहिल्या दिवशी अगदी उजवीकडची पणती भरावी, पुढे रोज डावीकडे एक वाढवावी, मात्र पेटवताना त्या दिवशीच्या नव्या पणतीपासून सुरुवात करून उजवीकडे यावे. शम्माय आणि हिलेल हे प्राचीन ज्यू धर्मपंडित. शम्मायचे अनुयायी आठापासून रोज एक ज्योत कमी करत जावे म्हणत, हिलेलचे अनुयायी वाढवत जावे म्हणत. रूढ झाली ती हिलेलची रीत, कारण पवित्र गोष्टीत चढत जावे, उतरू नये. पेटवण्यापूर्वी पहिल्या दिवशी तीन आणि नंतर रोज दोन आशीर्वचने म्हणतात.

ज्योती अंधार पडल्यावर किमान अर्धा तास टिकाव्यात. शुक्रवारी त्या शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाच्या, दिव्यांआधी, सूर्य मावळण्यापूर्वी लावाव्या लागतात, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सोलापुरात सूर्य सहाच्या आत मावळतो, म्हणून यंदा ४ आणि ११ डिसेंबरला पणत्या काठोकाठ भराव्यात व वातीही लांब वळाव्यात.