जुना ट्यूबा घेताना आधी व्हॉल्व्ह बघा

पहिला प्रोफेशनल ट्यूबा (फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य) घ्यायचाय आणि खिसा आखडता आहे? मग मिराफोन १८६ सारखं जुनं, नीट वापरलेलं जर्मन वाद्य शोधा. वरचे पोचे, उडालेलं लॅकर (पितळेवरचा चकचकीत थर) बघून बिचकू नका. उलट त्यावरच भाव पाडून मागा. खरी गोम व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे हवेची वाट बदलणाऱ्या झडपांमध्ये. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड (सरकती नळी) थोडी बाहेर ओढा, चार-पाच सेकंद थांबा, मग व्हॉल्व्ह दाबा. ‘फट्’ आवाज आला तर व्हॉल्व्ह हवा धरतोय, म्हणजे ठीक आहे. (व्हॉल्व्हला हवेसाठी मुद्दाम भोक पाडलेलं असेल तर ही परीक्षा चालत नाही.) झिजलेले व्हॉल्व्ह दुरुस्त करणं फार महागात पडतं. माउथपीस (ओठांना लावायचा भाग) स्वतःचंच न्या. वाजवताना ट्यूनरकडे (सूर दाखवणाऱ्या यंत्राकडे) दुसऱ्याला बघू द्या, नाहीतर ओठ आपसूक सूर सावरून घेतात.