आडवाटेसाठी हलकी गाडी कशी निवडावी : सडे, घाट आणि गोव्याचा पाऊस

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की जांभ्यावर शेवाळ चढतं. डोळ्याला दिसत नाही, पायाला कळतं. केरीच्या वरच्या अंगाला एका सड्यावर मला ते पुढच्या चाकानं कळवलं. वेग म्हणाल तर चालत्या माणसाइतका. चाक सरकलं, गाडी उजवीकडे आडवी झाली आणि मी शेजारी बसलो, अगदी ठरवून बसल्यासारखा. लागलं काहीच नाही. पण पुढची वीस मिनिटं मी त्या गाडीशी झटापट करत होतो. जवळपास दोनशे किलो वजन, हँडल उताराच्या बाजूला आणि बुटाखाली तेच शेवाळ. शेवटी बागायतीत रोपं लावायला निघालेले दोघे आले. एका हिसक्यात त्यांनी गाडी उभी केली आणि त्यातला वयस्कर म्हणाला, "गाडी चांगली आहे रे बाबा. फक्त हिला उचलायला दोन माणसं पगारावर ठेव."

तेव्हापासून कुणी आडवाटेच्या गाडीबद्दल विचारलं की मी सीसी विचारत नाही. एकट्यानं उचलता येईल का, हे आधी विचारतो.

आधी रस्ते लिहून काढा

एका कागदावर गेल्या महिन्यात तुमची गाडी कुठे कुठे गेली ते लिहा. कुठे जायचं स्वप्न आहे ते नको, कुठे गेली ते. बहुतेकांच्या कागदावर फोंडा-पणजी, साखळी-म्हापसा असं ऑफिसचं येणं-जाणं निघतं आणि एखाद्या रविवारी तांबडी सुर्ला किंवा चोर्ला घाट. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ड्युअल-स्पोर्ट म्हणजेच सोमवारी ऑफिसला आणि रविवारी मातीत जाणारी, रीतसर पासिंग झालेली गाडी. नुसत्या ट्रॅकसाठी बनलेल्या गाड्याही शोरूममध्ये उभ्या असतात, त्यांचं पासिंग होत नाही. दिसायला सारख्याच असतात, तेव्हा पैसे मोजण्याआधी हे विचारून घ्या.

गोवा उत्तर-दक्षिण जेमतेम १०५ किलोमीटर. त्यामुळे लडाखच्या व्हिडिओंमध्ये मिरवणारी मोठी टाकी, उंच काच, तीन-तीन पेट्या यांचं इथं काम नाही. साडेसात लिटरची टाकी असली आणि लिटरला ३० किलोमीटर धरले, तरी सव्वादोनशे किलोमीटर होतात. पेडण्याहून निघून काणकोणात जेवून परत या. फक्त सत्तरीच्या किंवा नेत्रावळीच्या आतल्या अंगाला शिरण्याआधी टाकी भरून घ्यायची सवय लावा.

आता माती. आपल्याकडे आडवाट म्हणजे एकच एक प्रकार नाही. सगळ्यात फसवा तो मुरूम. कडक लाल जमिनीवर गोट्यांसारखे खडे पसरलेले असतात आणि ब्रेक दाबला की चाकाखाली छर्रे ठेवल्यासारखे घरंगळतात. मग सडा: उन्हाळ्यात खडबडीत, पावसात साबण. मग कुळागरांकडे, म्हणजे माडा-पोफळीच्या बागांकडे, उतरणाऱ्या अरुंद, मुळांनी भरलेल्या वाटा, आणि जून ते सप्टेंबर रस्त्यावरून वाहणारे व्हाळ. या चारही ठिकाणी वेग कमी असतो, पाय सारखा खाली टेकावा लागतो आणि गाडी कधी ना कधी पडतेच. निवडीचे सगळे निकष त्यातूनच निघतात.

कुठे जायचं नाही हेही त्याच कागदावर लिहा. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्यं १९९९ पासूनची, शिवाय मोले आणि खोतीगाव. आत शिरायला वन खात्याची परवानगी लागते, आणि ती मिळाली म्हणजे वाट सोडून गाडी हाकायचा परवाना मिळाला असं नाही. समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधावर बंदीची पाटी नसेल, पण तो बांध फुटला तर कुणाच्या शेतात खारं पाणी शिरतं याचा विचार करा. बंद खाणींचे रस्ते मोकळे आणि मोहात पाडणारे असतात, पण त्यांच्या कडेला पाण्यानं भरलेले खोल खड्डे असतात आणि जमीन कुणाच्या ना कुणाच्या ताब्यात असते.

वजन: जाहिरातीतलं नाही, जमिनीवरचं

माहितीपत्रकात दोन वजनं असतात. ड्राय वेट म्हणजे पेट्रोल, कधी कधी ऑइल-पाणीही न धरता नुसत्या गाडीचं. तो आकडा विसरा. कर्ब वेट बघा, म्हणजे सगळं भरून चालवायला तयार असलेल्या गाडीचं. पेट्रोल लिटरला पाऊण किलो भरतं, तेव्हा १३ लिटरची टाकी एकटीच दहा किलोच्या आसपास जाते, आणि तीही वरच्या बाजूला. त्यावर लोखंडी क्रॅश गार्ड, मागचा कॅरिअर आणि पेट्या चढवल्या की १६० ची गाडी बघता बघता १८० ची होते.

घेण्याआधी एकदा उचलून बघा. शोरूमची गाडी कुणी आडवी पाडू देणार नाही, म्हणून तेच मॉडेल असलेला मित्र गाठा आणि गवतावर गाडी हळूच उजव्या अंगावर झोपवा. इंजिन बंद, गिअर टाकलेला म्हणजे चाक फिरणार नाही. साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर गाडी उभी होऊन पलीकडे पडते. हे मी केलेलं आहे. आता गाडीकडे पाठ करा, कंबर सीटला लावून खाली बसा, एका हातानं हँडलची जमिनीकडची मूठ पूर्ण वळवून धरा, दुसऱ्या हातानं मागची ग्रॅब रेल किंवा सीटखालची चौकट. पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर मागे मागे पावलं टाका. दोनदा उचला. पहिल्यांदा सगळ्यांनाच जमतं. दुसऱ्या वेळी हात थरथरले तर ही गाडी तुम्हाला जड आहे, कारण सत्तरीच्या चिखलात तुम्ही तिला दुपारपर्यंत पाचदा उचलणार आहात.

उंची: भिंत, पुस्तक आणि टेप

अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा. पुठ्ठ्याच्या बांधणीचं जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये घट्ट वर सरकवा, सीटवर बसल्यासारखं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. हा आकडा मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा आणि गाडीच्या सीटच्या उंचीशी ताडून बघा.

तुमचा आकडा ७८० आणि सीट ८२५ असली तर घाबरून जाऊ नका. तुम्ही बसलात की शॉकअप दबतो आणि गाडी काही सेंटिमीटर खाली येते. शिवाय आडवाटेवर दोन्ही पाय टेकायची गरज नसते. थोडं एका बाजूला सरकून एक पाय पूर्ण टेकला तरी भागतं. सीटची रुंदीही बघा. अरुंद सीटची उंच गाडी रुंद सीटच्या बुटक्या गाडीपेक्षा पायाला जवळ लागते. पण ८८० ची सीट आणि ७४० चा पाय असा मामला असेल तर नाद सोडा. मागच्या शॉकअपला जोडणारी लिंक बदलून गाडी खाली बसवता येते, मात्र तेवढाच ग्राउंड क्लिअरन्स जातो, आणि ज्यासाठी गाडी घेतली तेच हातातून निसटतं.

चाकं आणि शॉकअप

पुढचं चाक २१ इंचाचं असावं, यावर माझा हट्ट आहे. मोठं चाक दगडावर चढतं, लहान चाक त्याला धडकतं. खड्ड्यातही ते कमी खोल उतरतं. तारांचं चाक आपटलं तर वाकतं आणि वाळपईसारख्या ठिकाणीही ते सरळ करणारा सापडतो. अलॉय तडकलं की टेम्पो बोलवा. तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते आणि पंक्चर काढायचा व्याप वाढतो, हा त्याचा तोटा. ज्यांचं नव्वद टक्के फिरणं डांबरी आहे त्यांनी १९ इंची अलॉय आणि ट्यूबलेस टायरची गाडी घेतली तर मी भांडणार नाही.

शॉकअपचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक किती वर-खाली होऊ शकतं तो आकडा, पुढे १९० आणि मागे १७० मि.मी. असला तर आपल्या वाटांना पुरतो. त्याहून जास्त ट्रॅव्हल म्हणजे जास्त उंच सीट, हे लक्षात ठेवा. इंजिनखाली जाड बॅश प्लेट हवीच. प्लास्टिकची असेल तर ती शोभेची समजा.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना सक्तीचं आहे आणि डांबरावर ते असायलाच हवं. मुरमाच्या उतारावर मात्र मागच्या चाकाचं एबीएस ब्रेक सारखा सोडत राहतं आणि गाडी थांबायचं नावच घेत नाही. म्हणून मागचं एबीएस बंद करता येतं का, की मुळात ते फक्त पुढच्याच चाकाला आहे, हे विचारून घ्या.

इंजिन आणि खिसा

इथं थोडक्यात आटोपतो. २०० ते २५० सीसी पुरे. जास्तीत जास्त ताकद किती पीएस यापेक्षा दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, चढावर गाडी गुरगुरत चालते की बंद पडते ते बघा. हवेवर थंड होणारं इंजिन साधं, मातीला न घाबरणारं. रेडिएटरवालं जास्त दमदार, पण त्याच्या जाळीत चिखल सुकला की तापतं.

सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी १८ टक्के आहे आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. म्हणजे आता हलकी गाडी खिशालाही हलकी पडते.

बाजारात काय आहे

हीरोनं २०११ मध्ये १५० सीसीची इम्पल्स आणली तेव्हा घेणारे थोडे होते. ती बंद झाल्यावर मात्र लोक जुनी इम्पल्स शोधत फिरायला लागले. २०१९ मध्ये आलेली एक्सपल्स २०० ही तिचीच लेक म्हणायची. तिची ४व्ही आवृत्ती साधारण १६० किलो, सीट ८२५, चाकं २१ आणि १८ इंची. नवशिक्याला मी डोळे झाकून हीच सांगतो. तिची थोरली बहीण २१० जास्त ताकदीची, १६८ किलोची आणि रेडिएटरवाली आहे. घाटात दोघं बसून जाणाऱ्यांनी ती बघावी.

कावासाकीची केएलएक्स २३० कर्ब वजनानं १३९ किलो. सड्यावर ती पडली तर मी एका दमात उचलीन, पण सीट ८८० आहे, तेव्हा आधी ते पुस्तक आणि टेप. केटीएम ३९० एन्ड्युरो आर जोरकस आहे, पहिलीच गाडी म्हणून नको. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स डांबर आणि कच्चा रस्ता यांसाठी छान, मुळांच्या वाटेसाठी नाही. रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४५० लांबच्या प्रवासाला उत्तम, पण १९६ किलो आहे. माझ्या त्या दोन मदतनिसांना विचारा.

जुनी घेत असाल तर

गोव्यात जुनी गाडी म्हणजे खाऱ्या वाऱ्यात राहिलेली गाडी. किनारपट्टीवर उघड्यावर उभी असलेली तीन वर्षांची गाडी आतल्या गावातल्या आठ वर्षांच्या गाडीपेक्षा जास्त गंजलेली असू शकते. तारांची मुळं, सायलेन्सरचा वाकडा भाग, टाकीच्या झाकणाची आतली कड आणि डिस्कचे बोल्ट टॉर्च लावून बघा. मग पान्यानं चाकाच्या तारा एकेक करून टिचका. घट्ट तार टणकन वाजते, सैल तार ठप्प. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर स्टिअरिंगचं बेअरिंग गेलं. सीट उघडून वायरिंगचे जोड तपासा. हिरवट बुरशी दिसली तर गाडी पाण्यात उभी राहिलेली आहे, मग भाव कितीही पडलेला असो.

आरसी नीट वाचा. भाड्यानं फिरवलेल्या गाडीची काळी पाटी आणि पिवळे आकडे बदलून झालेले असू शकतात, पण कागद बोलतो. अशी गाडी अनेक हातांनी, बहुतेक सुट्टीच्या मनःस्थितीत, चालवलेली असते.

चालवून बघताना

शोरूमवाला तुम्हाला गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी मारायला लावेल. ती मारा, मग विनंती करून जवळच्या कच्च्या उतारावर चला. फुटरेस्टवर उभे राहा. हँडल धरताना कंबरेतून वाकावं लागत असेल तर उंचीचा मेळ बसत नाही. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा धरून, अरुंद जागेत आठचा आकडा काढा. जड गाडीचं सोंग इथं उतरतं. आणि येताना ज्या मेकॅनिककडे पुढची दहा वर्षं जाणार आहात त्याला दाखवा. क्लच केबल, लिव्हर, ब्रेक पॅड किती दिवसांत मिळतात, हे तो शोरूमपेक्षा खरं सांगतो.

उरलेल्या पैशांतून आयएसआयचं हेल्मेट, घोटा झाकणारे बूट आणि गुडघ्याचे पॅड घ्या, मगच दिवे आणि स्टिकर. सोबत टायर लिव्हरची जोडी, ट्यूब आणि पायानं भरायचा पंप. वाटेवर टायरमधली हवा १८ ते २० पीएसआयवर आणली की मुरमावर पकड येते, पण दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटण्याची भीती असते आणि डांबरावर परतताना हवा पुन्हा भरावी लागते. व्हाळात गाडी बुडून बंद पडली तर स्टार्टर दाबू नका. प्लग काढा, पाणी बाहेर पडू द्या, मग बघा.

आणि मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी, घरच्या अंगणात, मागचं चाक काढून ट्यूब बदलून बघा. मला पहिल्यांदा पावणेदोन तास लागले होते, दोन नवीन ट्यूब लिव्हरखाली चिमटून फुटल्या आणि शेजारचे काका ओट्यावर बसून चहा पीत सगळं बघत होते.