हाफ-टाइम शफल हातात बसवताना

अमेरिकन ड्रमर बर्नार्ड पर्डी वाजवत असले की ऐकणाऱ्याची मान आपोआप डुलते. पण नेमकं काय वाजतंय ते मोजायला बसलं की गोंधळ उडतो, कारण ती डूल ज्या आघातांमुळे येते ते जेमतेम ऐकू येतात. हे स्नेअरवरचे (खाली तारा लावलेल्या, समोरच्या छोट्या ड्रमवरचे) हलके आघात म्हणजे घोस्ट नोट्स. त्या शिकायला पर्डींच्या हाफ-टाइम शफलइतका, म्हणजे जोरदार आघात नेहमीच्या निम्म्या वेळा येणाऱ्या झुलत्या ठेक्याइतका, चांगला धडा नाही. स्टीली डॅनचं 'होम अॅट लास्ट' (१९७७) आणि 'बॅबिलॉन सिस्टर्स' (१९८०) ही त्याची पर्डींनी स्वतः वाजवलेली रूपं. लेड झेपेलिनच्या 'फूल इन द रेन'मध्ये (१९७९) जॉन बॉनमने तोच साचा घेऊन मध्येच हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) उघडायची गंमत आणली. टोटोच्या 'रोझॅना'त (१९८२) जेफ पोर्कारोने या दोघांकडून घेतलं आणि किकला (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमला) गायक-गिटारवादक बो डिडलीचा दोन बारांचा (आवर्तनांचा) ठेका जोडला. हे त्याने स्वतःच उलगडून सांगितलं होतं.

स्टिक हातात घेण्याआधी तोंडाने म्हणा: तकिट तकिट तकिट तकिट. चार मात्रा, प्रत्येकीत तीन अक्षरं, म्हणजे तिश्र जाती. तबला किंवा ढोलकी शिकलेल्यांचं इथेच निम्मं काम होतं. 'त' आणि 'ट' उजव्या हाताचे, हाय-हॅटवर. मधला 'कि' डाव्या हाताचा, स्नेअरवर, कुजबुजल्यासारखा. तिसऱ्या तकिटमधल्या 'त'वर डावा हातही जोरात पडतो, तो बॅकबीट. बारा घरं धरली तर मांडणी अशी:

हाय-हॅट: १, ३, ४, ६, ७, ९, १०, १२
स्नेअर हलका: २, ५, ८, ११
स्नेअर जोरात: ७
किक: सुरुवातीला फक्त १

मेट्रोनोम मिनिटाला ५० मात्रांवर लावा. आधी नुसते हात, पाय नकोत. घोस्ट नोटसाठी स्टिकचं टोक कातड्यापासून दोन-तीन सेंटिमीटरच वर असावं आणि स्वतःच्या वजनाने पडावं. मनगटाने मारायचं नाही. बॅकबीटसाठी टोक २५-३० सेंटिमीटर वरून येतं. आवाजातला फरक ताकदीने आणायला गेलात तर हात आखडतो. तो उंचीतूनच आला पाहिजे.

सगळी मेख पाच ते आठ या घरांत आहे. पाचव्या घरातला हलका आघात झाला की स्टिक लगेच वर न्यायची, सातव्याला जोरात आणायची आणि कातड्याजवळच थांबवायची, कारण आठव्याला तिथूनच पुन्हा हलका आघात द्यायचा आहे. वर जायला दोन घरांचा वेळ मिळतो, खाली आवरायला एकाच घराचा. बहुतेकांचं इथेच बिघडतं: बॅकबीटनंतर स्टिक उसळते आणि आठवं घर सातव्याइतकंच मोठं वाजतं किंवा गळूनच जातं. त्यावर उपाय म्हणजे पाच-सात-आठ एवढाच तुकडा तोडून डाव्या हाताने, पॅडवर, सलग पाच मिनिटं. सातव्याला करंगळी आणि अनामिका किंचित आवळली की स्टिक जागेवर थांबते. लगेच सैल सोडली की आठवा आघात मऊ पडतो. हा तुकडा बसेपर्यंत बाकीचं वाजवण्यात अर्थ नाही.

उजव्या हातालाही वजन हवं. 'त' स्टिकच्या खांद्याने हाय-हॅटच्या कडेवर, 'ट' टोकाने वरच्या पृष्ठावर. दोन्ही सारखे वाजले की लय शिलाई मशीनसारखी होते.

किक पहिल्या घरात पक्की झाली की सहाव्यात घाला, मग बाराव्यात. दोन्हीकडे उजवा हात सोबत असल्याने जागा सापडते, पण पाय आणि हात थोडे जरी पुढेमागे पडले तरी एकाऐवजी दोन आघात ऐकू येतात. बाराव्यानंतर लगेच पुढच्या बारचं पहिलं घर येतं, तिथे पायाला लागोपाठ दोनदा मारावं लागतं. टाच उचलून वाजवत असाल तर पहिला ठोका लहान आणि दुसरा पूर्ण ठेवा.

मग वेग वाढवा, एकावेळी चार-पाच बीटच. 'रोझॅना' या मोजणीत साधारण १७० ला आहे. ८० वर पोहोचलात की मेट्रोनोम ४० वर आणा आणि क्लिक पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर धरा; नंतर तीच क्लिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहे असं समजून वाजवा. मधली रिकामी जागा स्वतः भरावी लागते आणि लय कुठे धावते ते तिथे उघडं पडतं. बहुधा ती फिलनंतर (ठेका मोडून घेतलेल्या छोट्या तुकड्यानंतर) धावते.

आणखी एक चूक सावकाश शिरते. हाय-हॅटचा 'ट' हळूहळू पुढच्या मात्रेकडे सरकतो आणि शफलचा झोका आखडून टप्प्याटप्प्याने उड्या मारल्यासारखा होतो. ८० च्या लयीत एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची, म्हणजे प्रत्येक घर २५० चं. मधला 'कि' बरोबर पडला तर 'ट' सरकूच शकत नाही. म्हणून घोस्ट नोट ही सजावट नव्हे, ती मोजपट्टी आहे. बॅकबीट जरासा मागे ठेवून आरामशीरपणा आणायचा असेल तर फक्त स्नेअरचा जोरदार आघात १०-२० मिलिसेकंद उशिरा येऊ द्या, हाय-हॅट आणि किक जागेवरच राहू देत. तिन्ही मागे गेले की त्याला लय पडली म्हणतात. घोस्ट नोट्स समान होईपर्यंत हा नाद करू नये.

स्नेअरही साथ देणारा हवा. खालच्या तारा फार सैल असतील तर प्रत्येक हलका आघात चरचरत लांबतो, फार ताणल्या तर घुसमटतो. कातड्यावर जेल किंवा टेपचे तुकडे चिकटवले असतील तर आधी ते काढा, घोस्ट नोट्स त्यातच बुडतात.

तपासणीसाठी फोन दोन मीटर दूर ठेवून दोन मिनिटं रेकॉर्ड करा, त्यात मध्ये चार बार घोस्ट नोट्स मुद्दाम गाळा. ऐकताना त्या वेगळ्या मोजता आल्या तर त्या मोठ्या आहेत. गाळल्यावर काहीच फरक जाणवला नाही तर फारच लहान. गाळल्याबरोबर गाणं पोकळ वाटलं तर माप बरोबर आहे. स्टुडिओत किंवा स्टेजवर माइक लावून वाजवणार असाल तर साउंडवाल्यांना आधीच सांगा, की स्नेअरवरचा नॉइझ गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं यंत्र) काढा किंवा त्याची मर्यादा खाली आणा. नाहीतर तो नेमके हेच आघात कापून टाकतो आणि स्पीकरमधून फक्त बॅकबीट बाहेर येतो.