दुहेरी काचेची खिडकी: आधी बिघाड ओळखा, मग दुरुस्ती करा

काचांच्या मध्ये धुकं दिसायला लागलं, पल्ला खाली घासायला लागला किंवा हँडल नुसतंच गोल फिरू लागलं, की खिडकीच गेली असं वाटतं. पण चौकट सहसा खराब होत नाही. दुहेरी काचेची खिडकी म्हणजे सुट्या भागांची जुळणी: चौकट, पल्ला, दोन काचांचं बंद युनिट, बिजागऱ्या, कुलपाची यंत्रणा आणि रबर. यातला जवळजवळ प्रत्येक भाग वेगळा काढून बदलता येतो. वेळ लागतो तो नेमकं काय बिघडलंय हे ओळखायला.

काचेला घाम नेमका कुठे आलाय?

काचेवरून बोट फिरवून पाहा. पाणी खोलीच्या बाजूने पुसलं गेलं, तर खिडकी ठीक आहे. खोलीतली हवा दमट आहे. स्वयंपाकाची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे, बंद न्हाणीघर यांचा बंदोबस्त करा आणि हवा खेळती ठेवा. पाणी बाहेरच्या बाजूने पुसलं गेलं, तर उलट आनंदाची गोष्ट आहे. घरातली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचत नाही, म्हणून ती थंड राहते आणि पहाटे तिच्यावर दव धरतं. दोन्ही बाजूंनी पुसूनही धुकं तसंच राहिलं, तर मात्र युनिटचं सील गेलेलं आहे.

हे सील का जातं, ते समजून घ्यायलाच हवं. दोन काचांच्या कडेने एक पोकळ पट्टी असते, तिला स्पेसर म्हणतात. त्यात ओलावा शोषणारे बारीक दाणे भरलेले असतात. स्पेसर आणि काचेमध्ये ब्युटिलचा पातळ थर असतो आणि त्याच्या बाहेरून पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉनचा जाड थर. दिवसा आतली हवा किंवा आर्गॉन वायू तापून फुगतो, रात्री आकसतो. हा ताण सीलवर रोजच पडतो आणि चांगलं सील तो वर्षानुवर्षं सोसतं. पण चौकटीच्या तळाशी पाणी साचून राहिलं आणि युनिटची कड त्यात बुडून राहिली, तर सील लवकर सुटतं. मग आत शिरलेली वाफ दाणे शोषत राहतात आणि ते पूर्ण भरले की काचेवर धुकं दिसू लागतं. म्हणजे धुकं दिसतं त्याच्या बरंच आधी सील गेलेलं असतं. चौकटीतलं पाणी बाहेर जायची वाट मोकळी न करता नवीन युनिट बसवलं, तर त्याचीही तीच गत होईल.

काचेला बारीक भोक पाडून आतली वाफ सुकवण्याचा एक उपाय सुचवला जातो. तो करू नका. दाणे आधीच भरलेले असतात, आर्गॉन असलाच तर निघून गेलेला असतो आणि पाण्याने काचेवर आतून उमटलेले पांढरे डाग तसेच राहतात. टफन्ड काच (तापवून झटकन गार करून कणखर केलेली) असेल तर भोक पाडताना तिचा चुराच होईल. युनिट बदलणं हाच खरा इलाज, आणि त्यासाठी चौकटीला धक्का लावावा लागत नाही.

नवीन युनिटचं माप

युनिटची जाडी तीन आकड्यांत सांगतात. ४-१६-४ म्हणजे ४ मिमीची काच, १६ मिमीची पोकळी आणि पुन्हा ४ मिमीची काच, एकूण २४ मिमी. ४-२०-४ असेल तर २८ मिमी. जाडी चुकली तर बीडिंग, म्हणजे काच जागेवर धरून ठेवणारी कडेची पट्टी, बसत नाही किंवा बसूनही सैल राहतं. त्यामुळे एक बीडिंग काढून प्रत्यक्ष कडेवर माप घेणं उत्तम.

लांबी-रुंदी जुन्या युनिटवरूनच घ्या. आधी रुंदी, मग उंची, या क्रमाने लिहा, कारण काच याच क्रमाने मागवतात. जुनं युनिट फुटलेलं असेल, तर ज्या खाचेत काच बसते तिची रुंदी आणि उंची प्रत्येकी तीन ठिकाणी मोजा, सर्वांत लहान माप धरा आणि त्यातून १० मिमी वजा करा. म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण ५ मिमी जागा सुटते. दोन्ही कर्णही मोजा. त्यांत मोठा फरक असेल, तर पल्ला काटकोनात नाही.

काचेच्या कोपऱ्यात बारीक छाप आहे का पाहा. असेल तर ती बहुधा टफन्ड किंवा लॅमिनेटेड (मध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली), म्हणजे सुरक्षा काच असते. दारात, जमिनीलगतच्या खिडकीत आणि न्हाणीघरात सुरक्षा काचच बसवा. टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, त्यामुळे माप दोनदा तपासून मगच मागणी नोंदवा. काचेवर उष्णता परतवणारा लेप आहे का, हे अंधारात काचेसमोर छोटी ज्योत धरून कळतं. ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात. त्यातल्या एकाचा रंग वेगळा असेल तर लेप आहे आणि नवीन युनिटही तसंच मागवा.

वजनाचा अंदाज आधीच घ्या. दर मिलिमीटर जाडीला एका चौरस मीटर काचेचं वजन २.५ किलो असतं. दोन्ही काचा ४ मिमीच्या असतील, तर चौरस मीटरला २० किलो. १ मीटर बाय १.२ मीटरचं युनिट २४ किलो भरतं. एवढं युनिट एकट्याने काढू नका. बीडिंग बाहेरच्या बाजूने असेल आणि खिडकी वरच्या मजल्यावर असेल, तर हे काम घरी करायचंच नाही.

युनिट काढणं आणि बसवणं

जाड हातमोजे आणि चष्मा घाला. चारही बीडिंगवर पेन्सिलने खुणा करा, कारण जुनी पट्टी तिच्याच जागी नीट बसते. सर्वांत लांब पट्टीच्या मधोमध सुरुवात करा. लांबी (पुट्टी) भरायची पातळ पट्टी बीडिंग आणि चौकट यांच्या सांध्यात घाला, काचेच्या बाजूने कधीच नाही. रबरी हातोड्याने हलकेच ठोकून पिळा, म्हणजे बीडिंग मधोमध कमानीसारखं सुटतं आणि मग टोकं निघतात. जुनं यूपीव्हीसी (खिडकीचं कडक प्लॅस्टिक) थंडीत ठिसूळ होतं, म्हणून हे काम ऊन पडल्यावर करा किंवा पट्टीवर कोमट पाण्याचं फडकं थोडा वेळ ठेवा. शेवटची पट्टी काढताना काच धरायला दुसरं माणूस हवंच.

युनिट बाहेर काढण्याआधी खालच्या आणि बाजूच्या पॅकरचा फोटो घ्या. पॅकर म्हणजे काचेला टेकू देणाऱ्या प्लॅस्टिकच्या चपट्या पट्ट्या. त्या १ ते ६ मिमी जाडीत मिळतात आणि जाडीप्रमाणे त्यांचे रंग वेगळे असतात. युनिट उभंच ठेवा, दोन्ही काचांच्या कडा लाकडी पट्ट्यांवर टेकलेल्या असू देत. कोपऱ्यावर उभं केलं तर चिरतं.

आता खाच साफ करा आणि पाणी निघायच्या फटी शोधा. त्या साधारण ५ मिमी उंच आणि २५ ते ३० मिमी लांब असतात. माती, मुंग्यांची वारुळं किंवा जुनं सिलिकॉन त्यात अडकलेलं असतं. केबल बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने ते काढा आणि तळात मगभर पाणी ओता. ते काही क्षणांत बाहेरच्या बाजूने पडलं पाहिजे. पडलं नाही तर पुढे जाऊ नका.

पॅकर युनिटच्या पूर्ण जाडीइतके रुंद हवेत, म्हणजे दोन्ही काचांना टेकू मिळतो. एकच काच टेकली तर दुसरीचा भार सीलवर येतो आणि सील सरकतं. लाकडाचे तुकडे वापरू नका, ते ओल धरतात. पॅकरने फट बुजणार नाही हेही पाहा. उघडत नसलेल्या खिडकीत तळाला दोन पॅकर पुरतात, दोन्ही टोकांपासून रुंदीच्या साधारण पाव अंतरावर.

बीडिंग परत लावताना क्रम उलटा: आधी आखूड पट्ट्या, मग लांब. लांब पट्टीची दोन्ही टोकं कोपऱ्यात बसवा आणि मधला फुगवटा ठोकून आत घाला. हातोडा आणि बीडिंगमध्ये लाकडाचा तुकडा ठेवा. सिलिकॉन वापरायची वेळ आलीच, तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको. त्यातलं आम्ल युनिटच्या सीलला खातं. न्यूट्रल प्रकारचंच घ्या.

पल्ला खाली घासतो

याला दोन कारणं असू शकतात आणि लोक बहुधा चुकीच्या कारणावर खर्च करतात. पल्ला अर्धा उघडा आणि हँडलच्या बाजूने वर उचलून पाहा. बिजागरीत खडखड जाणवली तर बिजागरी झिजली आहे. बिजागरी घट्ट असूनही पल्ला हँडलकडे खाली आला असेल, तर काचेचे पॅकर सरकले आहेत.

बाजूला बिजागरी असलेल्या पल्ल्यात काच हाच तिरका आधार असतो. एक पॅकर तळाला, बिजागरीच्या कोपऱ्याजवळ असतो. दुसरा त्याच्या बरोबर तिरप्या कोपऱ्यात, हँडलकडच्या वरच्या भागात. पल्ला लोंबतो तेव्हा हाच कर्ण आखूड होतो. तेव्हा बीडिंग काढा, काच जागेवर धरून ठेवा, वरच्या कोपऱ्यातला पॅकर १ किंवा २ मिमीने वाढवा आणि पल्ला लावून पाहा. लागल्यास आणखी एक मिमी द्या. खूप भरलं तर पल्ला उलट्या बाजूला वाकतो आणि काचेवर नाहक ताण येतो. कितीही महाग बिजागरी आणली, तरी सरकलेल्या पॅकरचं काम ती करू शकत नाही.

बिजागरीच बदलायची असेल तर तीन गोष्टी मोजा: पट्टीची लांबी, बंद अवस्थेतली जाडी (बहुधा १३ किंवा १७ मिमी) आणि पल्ला बाजूने उघडतो की वरून. बाजूने उघडणाऱ्या पल्ल्यात बिजागरी वर आणि खाली असते, वरून टांगलेल्या पल्ल्यात डावी-उजवीकडे. एकच बदलली तर पल्ला वाकडा चालतो, म्हणून दोन्ही एकदम बदला. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आणि जुन्यांच्याच लांबीचे घ्या, लांब स्क्रू थेट काचेच्या कडेला भिडू शकतो. जुन्या भोकाचे आटे गेले असतील तर किंचित जाड स्क्रू वापरा किंवा भोक सेंटीमीटरभर सरकवा.

पल्ला उघडा ठेवला की वाऱ्याने आपोआप मिटतो? बिजागरीच्या सरकत्या भागावर लहानसा स्क्रू असेल, तो पाव फेरा घट्ट करा. तेल फक्त सांध्यांच्या खिळ्यांना द्या. सरकत्या भागाला दिलं तर घर्षण जातं आणि पल्ला आणखी सैल होतो. गंज सोडवायचा पातळ स्प्रे जुनं ग्रीस धुऊन काढतो, म्हणून अडकलेला भाग सुटला की त्यावर हलकं मशीन ऑइल द्या.

हँडल आणि कुलूप

हँडल डगमगत असेल तर त्याचं छोटं झाकण सरकवून आतले दोन स्क्रू घट्ट करा. बदलायचं असेल तर चौकोनी दांडा बहुतेक वेळा ७ मिमीचा असतो आणि दोन स्क्रूंमधलं अंतर ४३ मिमी. दांडा किती बाहेर येतो ते मोजा.

हँडल फिरतं पण खिडकी लागत नाही, म्हणजे हँडलने कुलपाची पट्टी सरकवणारा आतला गिअरबॉक्स तुटला आहे. कुलपाच्या पट्टीची पूर्ण लांबी, चौकटीत अडकून पल्ला बंद ठेवणाऱ्या रोलरच्या जागा आणि पट्टीच्या दर्शनी भागापासून दांड्याच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर (बहुधा २० किंवा २२ मिमी) ही मापं जुळली पाहिजेत. खिडकी बंद अवस्थेत अडकली असेल तर एकाने हँडल हळू फिरवावं आणि दुसऱ्याने रोलर असतात त्या ठिकाणी पल्ला दाबावा, म्हणजे ताण सुटून रोलर मोकळा होतो. हँडलवर जोर काढू नका, दांडा आतच मोडला तर काम दुप्पट होतं.

वारा शिरतो

खिडकीत कागदाची पट्टी धरून पल्ला लावा आणि ती ओढा. चारही बाजूंना असंच करून पाहा. जिथे कागद सहज निसटतो, तिथे दाब कमी आहे. जवळचा रोलर ॲलन की (षटकोनी टोकाची चावी) घालून फिरवता येत असेल, तर पाव फेरा फिरवा. त्याचं केंद्र मध्यापासून सरकवलेलं असल्याने पल्ला घट्ट ओढला जातो. तरीही कागद निसटला तर रबर कडक झालेलं आहे. जुन्या रबराचा ५ सेंटीमीटरचा तुकडा कापून सोबत न्या, कारण आकारात मिलिमीटरचा फरकही चालत नाही. नवीन रबराचा सांधा वरच्या बाजूला मधोमध ठेवा. बसवताना ताणू नका. दर मीटरला सेंटीमीटरभर जास्त घेऊन दाबत जा. ताणलेलं रबर काही दिवसांत आकसतं आणि कोपऱ्यात फटी पडतात.

काच तडकली असेल तर

चीर कुठून सुरू झाली ते आधी पाहा. कडेला काटकोनात सुरू होऊन आत वळली असेल, तर ती उष्णतेची आहे: काचेवर चिकटवलेली गडद फिल्म, काचेला लागून ठेवलेलं सामान किंवा जवळचा हीटर. कोपऱ्यातून निघाली असेल तर पॅकर नाही किंवा सरकला आहे. एका बिंदूतून ताऱ्यासारख्या चिरा असतील तर तो मार लागलेला आहे. पहिल्या दोन प्रकारांत कारण दूर न करता नवीन युनिट बसवलं, तर तेही त्याच जागी तडकेल.